वादविवादात टीएमसी नको, लिटर बोला

प्रश्न: खानापुरात कॉलेजात कळसा-भांडुरावर, म्हणजे म्हादई नदीचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कर्नाटकच्या योजनेवर, वादविवाद आहे. बाहेरच्या देशांतले पाण्याचे मुद्दे कसे वापरू?

उदाहरण वादाच्या जातीचं निवडा. अमेरिकेतलं फ्लिंट (2014) पाइपांचं प्रकरण: शहराने पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी घेतलं, गंजरोधक घातलं नाही, जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं. कळसा-भांडुराच्या वादात ते उपयोगाचं नाही, कारण इथे प्रश्न पाणी दूषित होण्याचा नाही. केपटाऊन चालेल, कारण 2018च्या दुष्काळात तिथे माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा होती, म्हणजे वाद वाटपाचा.

आता हिशेब. 1 टीएमसी (एक अब्ज घनफूट) म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. शहरी निकष माणशी रोज 135 लिटर, वर्षाला 49,275. भागाकार केलात की 1 टीएमसीत साधारण पावणेसहा लाख माणसांचं वर्ष निघतं. म्हादई पाणीतंटा लवादाने 2018मध्ये कळसा-भांडुराला मिळून 3.9 टीएमसी दिलं. म्हणजे साडेबावीस लाख माणसांच्या आत. गळती यात धरलेली नाही, समोरचा नेमका तिथेच पकडतो.

गावांसाठी मात्र जलजीवन मिशनचे माणशी रोज 55 लिटर धरा. बहुतेक मुलं हे दोन निकष मिसळतात आणि तिथेच गाडी घसरते. गोव्याची बाजू घेणार असाल तर आकड्यांपेक्षा खोरं बदलण्यावर बोला: म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवलं की परत येत नाही.