नवे मशीन घेण्याआधी कानाची नवी तपासणी

ताई, तुम्ही सासऱ्यांविषयी आणि त्यांच्या ऐकण्याच्या मशीनविषयी (श्रवणयंत्राविषयी) इथे जे लिहिले आहे ते वाचताना माझीच मागची काही वर्षे पुन्हा डोळ्यांसमोर आली. आवाज येतो पण बोलणे कळत नाही, दुकानात जाऊन तीन वेळा आवाज वाढवून आणला, आता ताट आपटले तरी ते दचकून मशीन काढून ठेवतात, जेवताना शिट्टी वाजते, आणि दुकानदाराचे म्हणणे असे की मशीन तीन वर्षांचे जुने झाले, आता नवी जोडीच घ्या. यातले प्रत्येक वाक्य मी स्वतः कधी ना कधी कुणाला तरी सांगितलेले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा तज्ज्ञही नाही. आपल्या सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात सव्वीस वर्षे हिशेब पाहिलेला आणि गेली अकरा वर्षे दोन्ही कानांना मशीन लावणारा माणूस आहे. माझा अनुभव माझ्या कानांपुरता आहे, सासऱ्यांचे निदान तपासणारेच करतील, हे धरूनच पुढचे वाचावे.

तुमच्या मजकुरात मशीनची किंमत आहे, कंपनी आहे, वॉरंटी कधी संपली तेही आहे. फक्त कानाची शेवटची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, कधी झाली हे कुठेही नाही. माझा अंदाज असा की ती तीन वर्षांपूर्वी मशीन घेताना झाली आणि त्यानंतर झालीच नाही. तसे असेल तर दुकानात तीनही वेळा जो आवाज वाढवला तो तीन वर्षांपूर्वीच्या कानासाठी वाढवला, आजच्या कानासाठी नाही. माझी सर्वांत महाग पडलेली चूक नेमकी हीच होती.

मला पहिले मशीन लागले तेव्हा ऑडिओमेट्रीच्या ग्राफमध्ये, म्हणजे कोणत्या स्वराला किती ऐकू येते हे दाखवणाऱ्या आलेखात, खालच्या स्वरांची बाजू जवळजवळ ठीक होती आणि ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच स्वरांत, रेघ एकदम खाली गेलेली होती. मागाच्या खडखडाटात वर्षे काढलेल्या माणसांच्या ग्राफमध्ये असा खड्डा पुष्कळदा दिसतो. चार वर्षे चांगली गेली. पुढे शब्द निसटू लागले तेव्हा मी ज्या दुकानातून मशीन घेतले होते तिथेच गेलो. तिथल्या मुलाने लॅपटॉपला मशीन जोडले, दोन घरे आवाज वाढवला आणि विचारले, ‘काका, आता कसे वाटते?’ बंद दाराच्या, गार, शांत खोलीत चार फुटांवरून बोललेले कोणालाही बरेच वाटणार. मी ‘छान’ म्हणालो, आणि नवी पेठेतल्या रहदारीत पाऊल टाकले तेव्हा कानात नुसता गोंगाट होता. दीड वर्षात मी असा पाच वेळा गेलो, पाचही वेळा दहा मिनिटांत बाहेर आलो, आणि पाचांपैकी एकदाही कुणी मला ‘आधी तपासणी करू’ असे म्हटले नाही. मीही म्हटले नाही, ही माझी चूक.

त्याच काळात मार्चअखेरच्या धांदलीत मालकांनी दारातून, मागे माग चालू असताना, एका गाडीत साठ गाठी भरायला सांगितले. मी ‘सात’ ऐकले आणि चलनावर सातच लिहिले. सात आणि साठ यांतला फरक त आणि ठ एवढाच आहे; तो फरक बारीक, उंच स्वरांत असतो आणि माझ्या कानातून नेमके तेच स्वर गेलेले होते. गाडी सात गाठी घेऊन गेली. मालक मला एक शब्दही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून माल पाठवण्याच्या सूचना ते शेजारच्या टेबलावरच्या तरुण मुलाला देऊ लागले. तुमचे सासरे पंगतीत गप्प बसतात असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्या गप्प बसण्यामागे असे एखादे ‘सात’ असू शकते, ते त्यांना जरूर विचारा.

आवाज वाढवूनही शब्द का कळत नाहीत, हे मला पुढे एका ऑडिओलॉजिस्ट बाईंनी कागदावर काढून दाखवले. आतल्या कानाची झीज होते तेव्हा हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज सहन होण्याची मर्यादा मात्र वर सरकत नाही, म्हणजे ‘ऐकू येते’ आणि ‘सहन होत नाही’ यांच्यामधली जागाच अरुंद होते. सगळा आवाज सरसकट वाढवला की ताट, कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न ही मंडळी त्या अरुंद जागेच्या बाहेर जातात आणि माणूस मशीन काढून ठेवतो. हवे असते ते निराळेच: ज्या स्वरांत कान उतरला आहे तिथले हळू आवाज वर आणणे, आणि मोठ्या आवाजांना वरून टोपण घालणे. कोणता स्वर किती उतरला हे आजच्या ग्राफशिवाय कुणालाही कळू शकत नाही, मग समोरचा कितीही अनुभवी असो.

आता ज्या गोष्टीचा मला अजून मनस्ताप होतो ती सांगतो. मी कारखान्याचे पंधरा-पंधरा वर्षांपूर्वीचे व्हाउचर जपून ठेवणारा माणूस, पण माझ्या कानाच्या पहिल्या ग्राफची प्रत मी मागून घेतली नव्हती. डावा कान उजव्यापेक्षा बराच खाली गेला आहे असे नव्या तपासणीत दिसले तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हा फरक आधीपासून आहे की आता पडला?’ मी दुकानात गेलो. ‘ग्राफ आमच्या कॉम्प्युटरमध्ये असतो, गिऱ्हाइकाला देत नाही,’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्यांदा गेलो तर संबंधित माणूस रजेवर होता. तिसऱ्यांदा कळले की कॉम्प्युटर बदलला आणि जुनी नोंद राहिलेली नाही. माझ्या कानाची मोजणी, तिचे पैसे मी भरलेले, आणि तीच मला मिळू नये, याला मी आजही अन्याय म्हणतो. दोन कानांत असा फरक असेल तर एमआरआय करून कानाच्या नसेवर गाठ वगैरे नाही याची खात्री करून घेतात; माझा एमआरआय निर्दोष आला, पण अहवाल हातात येईपर्यंतचे दिवस घरात कुणी धड जेवले नाही. जुना कागद असता तर निदान तो फरक जुना आहे की नवा हे तरी त्याच दिवशी कळले असते. म्हणून सांगतो, उद्याच जाऊन सासऱ्यांचा जुना ग्राफ मागा. छापील देत नसतील तर पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. उजवा कान लाल गोलांनी आणि डावा निळ्या फुल्यांनी दाखवलेला असतो. दोन्ही रेघा आणि तारीख फोटोत नीट यायला हवी.

तपासणीला कुठे जायचे याविषयी माझे मत ठाम आहे आणि काही जणांना ते पटणार नाही. जिथे मशीन विकले जाते तिथली ‘मोफत तपासणी’ मी पुन्हा करून घेणार नाही. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान पाहून घ्यावा, कारण नुसता मळ साठला असेल तरी ग्राफ बिघडतो आणि शिट्टीही वाजते. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हा विभाग आहे. ऑडिओमेट्री करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का हे विचारावे. विचारण्यात संकोच नको. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी ठरलेली आहे. खोली आवाजबंद असावी. दोन कानांत मोठा फरक असेल तर वाईट कान तपासताना चांगल्या कानात सळसळ सोडून त्याला गुंतवून ठेवावे लागते, नाहीतर चांगलाच कान उत्तर देतो आणि वाईट कान खोटा चांगला दिसतो. माझ्या बाबतीत दुकानातल्या पहिल्या तपासणीत असा घोळ झाला असेल का, ही शंका आता कायमची माझ्याजवळच राहणार.

नुसत्या ‘पी-पी’ आवाजांवर थांबू नका, शब्दांची चाचणी मागून घ्या. पुरेशा मोठ्या आवाजात शब्द ऐकवतात आणि त्यांपैकी किती टक्के बरोबर सांगितले ते मोजतात. माझ्या उजव्या कानाचे ८४ टक्के आले आणि डाव्याचे ५२, आणि माझी निम्मी तक्रार त्या एका आकड्यात होती. तुमच्या घरी तेलुगू बोलतात असे तुम्ही लिहिले आहे. आपल्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तसेच आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो: सासरे ज्या भाषेत लहानपणापासून बोलत आले त्या भाषेतले शब्द ऐकवता येतात का हे आधी फोनवर विचारून घ्या. अनोळखी भाषेत कमी गुण पडले तर ते कानाचे की भाषेचे हे ठरवता येत नाही.

ते अजून रोज दोन तास मागावर जाऊन बसतात, असेही तुम्ही म्हटले आहे. मागाच्या आवाजानंतर कान काही तास तात्पुरता जड होतो, म्हणून तपासणी साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कारखान्यात पाऊल टाकण्याआधी करा. शिवाय मशीन बंद करून कानात ठेवले म्हणजे कानाचे संरक्षण झाले अशी समजूत त्यांची असेल तर ती चुकीची आहे. शेडमध्ये मशीन काढून डबीत ठेवावे आणि कानात चांगले इअरप्लग घालावेत. १९४८ च्या कारखाने कायद्याने गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा सरकारला कळवाव्या लागणाऱ्या रोगांच्या यादीत घातला होता, आणि तरीही आपल्याकडे ‘मागवाल्याला कमी ऐकू येणारच’ असे म्हणून तो सोडून दिला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

नवा ग्राफ हातात आला की मशीन त्याप्रमाणे बसवून घ्यायचे. इथे एक मोजणी आहे जी फार थोडे लोक मागतात. एक बारीक, मऊ नळी कानात सोडतात, तिच्यावरून मशीन घालतात आणि कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसते. इंग्रजी नाव ‘रिअल इअर मेजरमेंट’. माझ्या वेळी कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन रेघा होत्या, एक कानाला हवा तेवढा आवाज आणि दुसरी मशीन देत होते तेवढा. डाव्या कानाची दुसरी रेघ २००० हर्ट्झच्या पुढे पहिलीच्या कितीतरी खाली झोपलेली होती. पाच वेळा वाढवलेला आवाज जिथे हवा तिथे पोचतच नव्हता, तो सगळा खालच्या स्वरांत साचला होता. बाईंनी मशीनमधली वापराची नोंदही वाचून दाखवली: डावे मशीन दिवसाला सरासरी दीड तास. त्या म्हणाल्या की दीर्घकाळ पुरेसा आवाज न मिळालेला कान शब्द ओळखण्याची सवय हरवू शकतो आणि ती परत यायला वेळ लागतो, काही वेळा पूर्ण येतही नाही. माझ्या डाव्या कानाचे आज ६० टक्के आहेत. दीड वर्ष आधी तपासणी झाली असती तर किती असते हे कुणी सांगू शकत नाही, आणि मी तो विचार सोडू शकत नाही.

आता नवे मशीन घ्यावे का? माझ्या मते तपासणीच्या आधी एक रुपयाही देऊ नये. प्रत्येक मशीनची ताकदीची एक मर्यादा असते. नव्या ग्राफच्या रेघा त्या मर्यादेत बसत असतील तर सेटिंग बदलून काम होते. सासऱ्यांचे मशीन कानामागे असून बारीक तारेने कानात रिसीव्हर (छोटा स्पीकर) जात असेल, तर पुष्कळ मॉडेलमध्ये तोच रिसीव्हर बदलून जास्त ताकदीचा बसवता येतो. शिट्टीचे कारण बहुधा कानातला सैल रबरी डोम (टोकाची मऊ टोपी) असते. ऐकणे जास्त उतरले की डोम पुरत नाही, कानाच्या मापाचा साचा करून घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च नव्या जोडीच्या मानाने अगदी किरकोळ असतो. मी त्या दुकानाच्या सांगण्यावरून ६५,००० रुपयांची नवी जोडी घेण्याच्या बेतात होतो. प्रत्यक्षात दोन रिसीव्हर आणि दोन साचे यांवर चार वर्षे निघाली. तुमच्या सासऱ्यांचे तसेच होईल असे मी म्हणत नाही. ऐकणे फार पुढे गेले असेल तर नवे, जास्त ताकदीचे मशीन खरोखरच लागते.

एक इशारा मात्र सर्व सोडून आधी वाचा. हे सगळे हळूहळू उतरणाऱ्या कानासाठी आहे. एखाद्या सकाळी किंवा दोन-तीन दिवसांत एक कान एकाएकी बंद झाला, चक्कर आली, नव्याने एकाच कानात घूं-घूं सुरू झाली, तर मशीनवाल्याकडे जायचेच नाही. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचे. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते पहिल्या काही दिवसांतच सर्वांत उपयोगी पडतात.

जाण्याआधी घरी दोन गोष्टी करून पाहा. मशीनच्या माइकची बारीक छिद्रे आणि कानाकडच्या टोकाची मळाची जाळी भिंगाखाली बघा. टॉवेलच्या शेडमध्ये बसणाऱ्याच्या मशीनमध्ये सुताचे तंतू अडकतात, आणि नुसती जाळी बदलून आवाज परत आलेली माणसे मी पाहिली आहेत. बॅटरीचे स्टिकर काढल्यावर मिनिटभर तशीच ठेवून मगच घाला, तिला हवा लागल्याशिवाय ती पूर्ण जोर धरत नाही.

आणि तपासणीच्या दिवशी तुम्ही स्वतः सोबत जा, मुलाला एकट्याला पाठवू नका. दिवसभर सासऱ्यांशी बोलता त्या तुम्हीच, म्हणून सेटिंग झाल्यावर खोलीत बसून ‘कसे वाटते’ याचे उत्तर त्यांना देऊ देऊ नका. त्यांना बाहेरच्या गर्दीच्या बाकावर बसवा, मागे दोन हातांवर उभ्या राहा, तुमच्या नेहमीच्या आवाजात सात, साठ, पाच, पाचशे असे उलटसुलट म्हणा आणि त्यांना परत म्हणायला लावा. चुकले तेवढे कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन त्याच वेळी परत आत जा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा यायची तारीखही तिथेच लिहून घ्या, कारण नव्या आवाजाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच आणि पहिले सेटिंग शेवटचे ठरत नाही. नवा ग्राफ मिळाला की त्यातले २०००, ४००० हर्ट्झचे आकडे आणि शब्दांचे टक्के इथे लिहा. जुना मिळाला तर तोही शेजारी ठेवून मी माझ्या कागदांशी ताडून पाहीन.