आधी प्रश्न कळू द्या

या वेळच्या पत्रांतही तोच गोंधळ आहे: अडचण सोडवायच्या पायऱ्या पाठ आहेत, पण पहिली पायरी, म्हणजे प्रश्न समजून घेणं, कुणी चढतच नाही.

प्रश्न : प्रत्येक लहानसहान गोष्टीसाठी पायऱ्या लिहून काढायच्या का?
उत्तर : नाही. जिथे अडता तिथेच.

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. आकडेमोड पक्की, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडते. क्लासमध्ये ‘एकूण, जास्त दिसलं की बेरीज, उरले, कमी दिसलं की वजाबाकी’ असं शिकवलंय. तरी चुकते.
उत्तर : तरी नव्हे, म्हणूनच चुकते! हे उदाहरण द्या तिला : ‘मीनाकडे 12 पेन्सिली आहेत. राजूपेक्षा तिच्याकडे 5 जास्त आहेत. राजूकडे किती?’ ‘जास्त’ दिसलं म्हणून ती 17 लिहील. उत्तर 7 आहे. शब्द हेरून क्रिया ठरवायची ही युक्ती सोप्या उदाहरणांत चालते, म्हणून ती खपते. आणि मूल उदाहरण वाचणंच सोडून देतं. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी 1945 साली चार टप्पे मांडले : प्रश्न समजून घेणं, योजना, अंमलबजावणी, मागे वळून पाहणं. आपल्याकडे सगळा जोर तिसऱ्यावर. पहिल्यासाठी तिला पेन खाली ठेवायला लावा. काय दिलंय, काय विचारलंय, हे आकडे न उच्चारता स्वतःच्या शब्दांत सांगू दे. मग चित्र, मग अंदाज : राजूकडे मीनापेक्षा जास्त असतील की कमी? एवढं झालं की आकडेमोडीत फारसं काही उरत नाही. शेवटी पडताळा, 7 अधिक 5. घाई करू नका आणि उत्तर तुम्ही सांगू नका (पालकांना हेच सर्वांत जड जातं). वर्गशिक्षकांशी बोला. साधा उतारा वाचून समजायलाही त्रास होत असेल, तर शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी करून घ्या. ‘मोठी झाली की येईल’ म्हणत वर्ष घालवू नका.

प्रश्न : ‘महिनाभरात तल्लख बुद्धी’ असा कोर्स आहे. घ्यावा का?
उत्तर : नको. महिन्यात तल्लख होते ती त्यांची जाहिरात.

प्रश्न : जाताना ताशी 40 किमी, त्याच रस्त्याने येताना 60. सरासरी वेग 50 का नाही?
उत्तर : कमी वेगात वेळ जास्त जातो. अंतर 120 किमी धरा : 3 तास आणि 2 तास, म्हणजे 5 तासांत 240 किमी. उत्तर 48.

प्रश्न : घरातलं इंटरनेट सारखं तुटतं. केबल, राउटर, सेटिंग सगळं एकदम बदललं, काही कळेना.
उत्तर : कसं कळणार? एका वेळी एकच बदल, आणि तो लिहून ठेवायचा. आधी एकच यंत्र तारेने जोडून बघा. तरी तुटत असेल तर सेवा देणाऱ्यांना कळवा.

प्रश्न : वडील वर्षानुवर्षं घरचा हिशेब करत. आता क्रम विसरतात, मध्येच थांबतात. शेजारी म्हणतात, वयाचं आहे. पायऱ्यांची यादी करून द्यावी का?
उत्तर : यादी द्या, पण इलाज म्हणून नव्हे. सवयीच्या कामाचा क्रम नव्याने चुकू लागला की त्यामागे स्मृतिभ्रंश असू शकतो; थायरॉइड, ब जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा एखादं औषधही असू शकतं, आणि यांतल्या काहींवर उपचार होतात. शेजाऱ्यांचं निदान पुरे. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या. आणि हा बदल अचानक, एक-दोन दिवसांत झाला असेल तर आजच न्या.