गॅस होतो, पण पेटत नाही

प्रश्न : दोन घनमीटरचं दीनबंधू (पक्क्या घुमटाचं) गोबरगॅस आहे. जनावरं कमी झाल्यानं दीड महिना थोडं शेण आणि बाकी खरकटं, शिळा भात, चाळीतला सडका कांदा टाकतोय. गॅस होतो, पण शेगडी पेटत नाही. आंबट वास येतो. टाकी उपसावी का? (एक शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : उपसू नका. आतलं विरजण आंबट झालंय, मेलेलं नसावं.

टाकीत हवा नसते. तिथं जिवाणूंची एक फळी भाताचा, भाजीचा चोथा फोडून आम्ल करते, दुसरी फळी ते आम्ल खाऊन मिथेन, म्हणजे पेटणारा वायू, करते. पहिली भराभर वाढते, दुसरी फार सावकाश. शेण गाईच्या पोटातून पचून आलेलं असतं, म्हणून हळू फुटतं आणि मिथेनवाले जिवाणू सोबतच आणतं. भात मात्र दोन दिवसांत आंबतो. आम्ल साचलं की दुसरी फळी मंदावते आणि घुमटात कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो कसा पेटणार? चांगल्या गोबरगॅसमध्ये साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन असतो.

आधी बाहेर येणाऱ्या शेणकाल्याचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) बघा. सातच्या आसपास हवा. साडेसहाच्या खाली असेल तर खरकटं पूर्ण बंद. आठ-दहा दिवस फक्त ताजं शेण, तेवढ्याच पाण्यात गुठळ्या मोडून घाला. शेजाऱ्याच्या चालू गोबरगॅसमधला शेणकाला चार-पाच बादल्या मिळाला तर उत्तमच. चुन्याची निवळी घालायचीच झाली तर थोडी-थोडी, सामू बघत. साचलेला गॅस मोकळ्या जागी सोडून द्या. तेव्हा जवळपास विडी-काडी नको.

निळी ज्योत आली की खरकटं पुन्हा सुरू करा, पण दिवसाला किलो-दोन किलो, बारीक करून. कांदा, लिंबाच्या साली, हाडं खताच्या खड्ड्यातच टाका. प्रतिजैविकाची सुई दिलेल्या गाईचं शेणही काही दिवस टाळा, त्यानं जिवाणू मरतात. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

एक स्पष्ट सांगतो : या टाकीला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. तुमच्याकडे दोनच उरली असतील तर दोन्ही वेळचा स्वयंपाक यावर होणार नाही; थंडीत तर आणखी कमी.

गळती शोधायला साबणाचा फेस लावा, काडी पेटवू नका. आणि काहीही अडकलं तरी टाकीत कुणी उतरायचं नाही.