बर्फावरची रेघ वाचायला शीक

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. फिगर स्केटिंग शिकायला लागून सहा आठवडे झाले तरी रिंकचा, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाळ मैदानाचा, कठडा सुटत नाही आणि शेजारून सात-आठ वर्षांची मुले उलटी सरकत जाताना पाहून लाज वाटते, असे तू लिहिले आहेस. मी स्वतः चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा बर्फावर उभा राहिलो, त्यामुळे ही लाज मला परकी नाही. मला काळजी वाटली ती पत्राच्या शेवटच्या ओळीची : "वर्षअखेरीपर्यंत एक तरी उडी जमायला हवी." उडीचे नंतर पाहू. आधी पात्याविषयी लिहितो.

स्केटचे, म्हणजे बर्फावर सरकण्याच्या बुटाखालचे, पाते सुमारे ४ मिलिमीटर जाडीचे असते आणि ते खालून सपाट नसून पन्हळीसारखे खोलगट घासलेले असते, त्यामुळे त्याला दोन कडा मिळतात : पावलाच्या आतल्या बाजूची आणि बाहेरच्या बाजूची. शिवाय ते लांबीतही किंचित कमानदार असते, म्हणून कोणत्याही क्षणी त्याचा थोडासाच भाग बर्फाला टेकतो. शरीर एका बाजूला कलले की एकच कड बर्फ धरते आणि आपला मार्ग आपोआप वळतो. या खेळातली वळणे, गिरक्या आणि उड्या जवळजवळ सगळ्या या वळणाऱ्या मार्गावरच उभ्या आहेत. प्रौढ माणूस मात्र भीतीने ताठ उभा राहतो, त्याच्या दोन्ही कडा एकदम टेकतात, आणि तो सरळ रेषेत घसरत राहून आपल्याला स्केटिंग येऊ लागले असे समजतो. मीही जवळजवळ वर्षभर असेच समजत होतो.

हा गैरसमज मोडायला बर्फच मदत करतो. यंत्राने बर्फ नुकताच गुळगुळीत केला असेल तेव्हा रिंकवर पहिली उतर, एका पायावर थोडे अंतर जा, परत ये आणि गुडघे टेकून आपली खूण पाहा. दोन बारीक समांतर रेघा दिसल्या, रुळांसारख्या, तर तू दोन्ही कडांवर होतीस. एकच स्वच्छ, वाकलेली रेघ दिसली तर कड सापडली. रेघेच्या बाजूला पांढरा भुगा पसरला असेल तर पाते सरकण्याऐवजी खरवडत गेले. शेजारच्या मुलांना ही खूण वाचण्याचा धीर नसतो. तुला तो आहे, आणि मोठेपणी शिकण्याचा मला जाणवलेला सर्वांत मोठा फायदा हाच. या खेळाच्या नावातला 'फिगर' हा शब्दही अशाच रेघांवरून आला आहे. ठरावीक आकृत्या पात्याने कोरून दाखवणे हा एके काळी स्पर्धेचा मोठा भाग होता. १९९० नंतर त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेल्या. मला त्याचे अजून वाईट वाटते, पण ते असो.

भीतीविषयी. मूल पडते तेव्हा ते फार उंचीवरून पडत नाही आणि उद्या कामावर जायचे आहे हा विचार त्याच्या मनात नसतो. तुझी भीती हा भित्रेपणा नव्हे, हिशेब आहे. म्हणून पडणे हे वेगळे कौशल्य समजून शीक. तोल गेला की गुडघे वाकव, खाली बस, मांडीच्या आणि नितंबाच्या बाजूवर आडवी हो आणि हात मागे टेकू नकोस, कारण मनगटे तिथेच मोडतात. मुठी मिटलेल्या ठेव, म्हणजे बोटे दुसऱ्याच्या पात्याखाली येणार नाहीत. उठताना आधी गुडघ्यांवर ये, मग एक पाऊल, मग दुसरे. सुरुवातीला हेल्मेट घालण्यात काहीही कमीपणा नाही.

बुटांबद्दल थोडेच सांगतो. भाड्याच्या बुटांत घोटे लुळे पडतात, तेव्हा दोष बहुधा वापरून मऊ झालेल्या चामड्याचा असतो. स्वतःचे घेताना पावलाचे माप घेऊन घे, नेहमीच्या चपला-बुटांच्या नंबरावर विसंबू नकोस. आणि मोठ्या उड्यांसाठी बनवलेले टणक बूट घेऊ नकोस, त्यांत तुझा गुडघा वाकणारच नाही. पात्याच्या टोकाचे दात थांबण्यासाठी किंवा ढकलण्यासाठी नसतात. पुढे सरकताना भार पावलाच्या मध्यावर किंवा जरा मागे ठेवलास तर ते तुला पाडणार नाहीत.

आता थ्री टर्न, कारण तू तिथेच अडकशील. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर पुढे जात असताना खांदे वर्तुळाच्या आत आधी वळवायचे, गुडघा किंचित सरळ करून भार चवड्यावर आणायचा, आणि त्याच पायावर फिरून आतल्या कडेवर उलटे निघायचे. बर्फावर जी खूण उमटते ती, शेपटी सोडली तर, आपल्या ३ सारखीच असते. मोठी माणसे खांदे विसरतात आणि पाऊल ओढून फिरवतात. मग मधल्या टोकाच्या जागी फरकाटा दिसतो. मला तो फरकाटा जाऊन टोक यायला पाच महिने लागले.

उडीचे उत्तर यातच आहे. स्पर्धेतल्या सहाही मुख्य उड्या उलट्या दिशेने, बाहेरच्या कडेवर उतरतात. तू शिकशील ती पहिली वॉल्ट्झ जंप अर्ध्या फेरीची असते, आणि तीही तशीच उतरते. तिच्यात आणखी एक फेरी घातली की तो अ‍ॅक्सेल, जो नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉलसेनने १८८२ मध्ये पहिल्यांदा करून दाखवला. ज्या कडेवर उतरायचे ती कड उलटे सरकत तीन-चार सेकंद धरता येत नसेल, तर उडी मारणे म्हणजे जिना नसलेल्या माळ्यावर चढण्यासारखे आहे. घाई करू नकोस, वयही आड येत नाही. जर्मनीतल्या ओबरस्टडॉर्फला प्रौढांची जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००५ मध्ये सुरू झाली, तिच्यात २८ वर्षांखालच्यांना प्रवेशच नसतो.

आठवड्यातून एकदा तीन तास जाण्यापेक्षा तीनदा पाऊण तास जा. पुढच्या पत्रात उडीविषयी काही लिहू नकोस. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेची रेघ बर्फावर जशी दिसेल तशी, भुग्यासकट, कागदावर काढून पाठव.

तुझा,
एक जुना विद्यार्थी