रीफ टँकमधलं (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातलं) रंगीत कोरल (प्रवाळ) तपकिरी पडलंय, रंग परत कसा आणायचा?

तपकिरी पडलं म्हणजे कोरल मरतंय असं नाही. त्याच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात, आणि त्यांचा रंगच तपकिरी असतो. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढलं किंवा उजेड कमी पडला की त्यांची संख्या वाढते आणि कोरलचा हिरवा-जांभळा रंग झाकला जातो.

आधी टेस्ट करा. नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाखांत किती भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठीक. शून्यावर आणायच्या मागे लागू नका, उपाशी कोरल फिकट पडतं.

माझ्या मते खरी गोम अल्कलिनिटीत, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या प्रमाणात आहे. ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) ठेवा, पण आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं महत्त्वाचं. आज ७, परवा १० असं झालं की अ‍ॅक्रोपोराची (फांद्यांसारखं वाढणारं कठीण कोरल) टोकं जळल्यासारखी पांढरी होतात आणि बुडाकडून मांस सुटू लागतं. कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास.

लाइट वाढवायचा तर दोन-तीन आठवडे घेऊन, हळूहळू. तापमान २५-२६ अंश. उन्हाळ्यात पाणी उडून खारटपणा चढतो, तेव्हा भर फक्त आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या गोड्या) पाण्याची घाला, मिठाच्या पाण्याची नाही.

आणि भारतात असाल तर हे आधी वाचा: कठीण प्रवाळ (दगडासारखा सांगाडा असलेलं कोरल) वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. समुद्रातून काढलेला तुकडा कुणी स्वस्तात देत असेल तरी कृपा करून घेऊ नका.