'मुसा बुसी'मधला मुसा कोण?

प्रश्न असा आहे: पेशवेकालीन पत्रांत 'मुसा बुसी' (कुठे 'बुशी') हे नाव येतं. हा निजामाच्या पदरचा मुसलमान सरदार होता का? आणि त्याच्या लोकांना फिरंगी न म्हणता 'फरासीस' का म्हणत?

मुसलमान नव्हे, अस्सल फ्रेंच. 'मुसा' हे त्याचं नावच नाही. फ्रेंच लोक नावाआधी जो 'मॉस्यू' लावतात, तोच हा. मुसा हे नाव इथल्या कानांना आधीपासून ओळखीचं, त्यामुळे परका शब्द त्या साच्यात सहज बसला. 'मुसा बुसी' म्हणजे श्रीयुत बुसी, एवढाच अर्थ.

पण हे 'श्रीयुत' मराठी पत्रांत इतक्या वेळा का यावेत, ते समजून घेण्यासारखं आहे. 1740 नंतर इंग्रज आणि फ्रेंच कंपन्या दक्षिणेत एकमेकींच्या मुळावर उठल्या होत्या. दोघींचा डाव सारखाच: इथल्या गादीच्या भांडणात एकेक वारसदार हाताशी धरायचा. अर्काटच्या नवाबीसाठी फ्रेंचांनी चंदासाहेबाला उचलून धरलं, इंग्रजांनी महंमद अलीला. पाँडिचेरीचा गव्हर्नर दुप्लेक्स याने 1751 मध्ये बुसीला निजामाच्या गादीचा फ्रेंचांचा वारसदार मुजफ्फरजंग याच्याबरोबर दख्खनेत धाडलं. मुजफ्फरजंग वाटेतच मारला गेला. बुसीने लगेच सलाबतजंगाला निजामाच्या गादीवर बसवलं आणि मोहीम पुढे नेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कुकडीकाठी, चंद्रग्रहणाच्या रात्री, नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा पडला, त्यामागेही हाच माणूस. पुढे फौजेच्या पगारापोटी त्याने निजामाकडून चिकाकोल, राजमहेंद्री, एलोर आणि मुस्तफानगर हे मुलूख मिळवले. त्या काळात पुण्याहून पाहणाऱ्याला दख्खनेतला खरा जबरदस्त टोपीकर (म्हणजे युरोपीय) इंग्रज नव्हे, फरासीसच वाटला असणार.

आता 'फरासीस'. 'फिरंगी' हा शब्द मुळात 'फ्रँक' लोकांवरून अरबी-फारसीतून आला. म्हणजे कुळीने तो फ्रेंचांच्याच जवळचा. पण कोकणात आधी आले पोर्तुगीज, आणि मराठीने तो त्यांनाच देऊन टाकला. वसईकडच्या त्यांच्या मुलखाला तर 'फिरंगाण'च म्हणत. फ्रेंच आले तेव्हा वेगळं नाव लागलं, ते 'फरासीस'. डच झाले वलंदेज. आज्ञापत्रात, म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या राज्यनीतीवरच्या ग्रंथात, हे सगळे वेगवेगळे मोजून मग 'टोपीकर' या एका नावाखाली घातले आहेत. कोण कुणाचा वैरी हे ज्यांना रोज ओळखावं लागे, त्यांची ही भाषा. म्हणून जुना कागद वाचताना फिरंगी म्हणजे 'कुणीतरी गोरा' असं धरू नका. घोटाळा होतो.

याच घडामोडींतला आणखी एक शब्द 'गारदी'. पोर्तुगीज 'ग्वार्दा' आणि फ्रेंच 'गार्द' (म्हणजे पहारा, पहारेकरी) यांच्याच कुळीचा. कवायती पायदळाला तो लागला. इब्राहिमखान गारदी बुसीच्याच तालमीत तयार झालेला. 14 जानेवारी 1761 ला तो पानिपतावर मराठ्यांकडून लढला, आणि त्याच आठवड्यात तिकडे पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेली. बुसी स्वतः वर्षभर आधीच, वांदिवाशच्या लढाईत, इंग्रजांच्या कैदेत गेला होता.

पाँडिचेरी 1763 च्या पॅरिस तहाने फ्रेंचांना परत मिळाली खरी, पण जुना जोर गेला तो गेलाच. तरी इंग्रजांच्या मनातली फ्रेंचांची धास्ती संपली नाही. 1802 च्या वसईच्या तहात त्यांनी दुसऱ्या बाजीरावाकडून लिहूनच घेतलं की आमच्या शत्रुराष्ट्रांचे गोरे चाकरीत ठेवायचे नाहीत. रोख उघड फ्रेंचांवर होता. मराठी बोलण्यात 'साहेब' टिकला आणि 'मुसा' बाद झाला, त्याचं कारण मला तरी यातच दिसतं.

निजामाचा पुढचा फ्रेंच सरदार रेमंड हाही तिकडे 'मुसा' म्हणूनच ओळखला जाई. हैदराबादेतल्या मुसारामबागेचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात.