गेममधील वस्तू खेळाडूला कशा हाताळू द्याव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फर्स्ट पर्सन (पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा) पझल गेम तयार करताना तुम्ही दार, खण, दिवा, किल्ली, तरफ अशा प्रत्येक वस्तूसाठी वेगळी स्क्रिप्ट (म्हणजे कोडाची फाइल) लिहिली आहे आणि सगळ्यांसाठी ‘ई’ हे एकच बटण ठेवले आहे, तरीही खेळून पाहणाऱ्या मित्रांना कोणती वस्तू वापरता येते ते कळत नाही, आणि वापरता आली तरी त्यात गंमत वाटत नाही. म्हणून वापरता येणारी प्रत्येक वस्तू चमकती ठेवावी का, असे तुम्ही विचारले आहे.

चमक हा माझ्या मते फार नंतरचा प्रश्न आहे. तुम्ही वस्तूंच्या यादीपासून सुरुवात केली आहे, ती क्रियांच्या यादीपासून व्हायला हवी होती. खेळाडू एकेक वस्तू स्वतंत्रपणे शिकत नाही, तो नियम शिकतो, आणि एकदा शिकलेला नियम पुढच्या खोलीत लागू पडला नाही तर त्याचा तुमच्या गेमवरचा विश्वास उडतो. त्यामुळे या गेममध्ये खेळाडू काय काय करू शकतो (उचलणे, ओढणे, पेटवणे, फेकणे) हे आधी ठरवा, त्या क्रिया शक्य तितक्या कमी ठेवा, आणि मग प्रत्येक वस्तू त्यांपैकी कोणत्या क्रियेला काय प्रतिसाद देते ते लिहा.

क्रिया कमी करण्याचा हा प्रवास या माध्यमाने स्वतः केलेला आहे. १९८७ च्या ‘मॅनिअॅक मॅन्शन’ या गेममध्ये पडद्याच्या खालच्या भागात ढकला, ओढा, उघडा, वाचा अशा १५ आज्ञा मांडलेल्या असत, १९९३ च्या ‘डे ऑफ द टेंटकल’मध्ये त्या ९ झाल्या, आणि १९९७ च्या ‘द कर्स ऑफ मंकी आयलंड’मध्ये पाहणे, हाताने काही करणे आणि तोंडाने काही करणे एवढ्या तीनच उरल्या. तुमचे ‘ई’ बटण हे त्याच वाटेचे शेवटचे टोक आहे. त्यात सोय आहे हे खरे, पण किंमतही आहे: दार उघडणे, दिवा लावणे आणि तरफ ओढणे या तिन्हींचा हाताला होणारा अनुभव एकच होतो. मित्रांना गंमत वाटत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा २०१० चा ‘अॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ या दृष्टीने बारकाईने खेळून पाहा. त्यात दार उघडण्यासाठी माउसचे बटण दाबून धरावे लागते आणि माउस प्रत्यक्ष ढकलावा किंवा ओढावा लागतो. दाराची फळी त्या हालचालीबरोबर सरकते. त्यामुळे दार फटीएवढे उघडून पलीकडे डोकावता येते, आणि मागून राक्षस येत असेल तर घाईघाईने लोटूनही घेता येते. या गेममध्ये खेळाडूजवळ शस्त्र नसते, म्हणून दाराची ही हाताळणी हाच भीतीचा मोठा आधार ठरतो. मात्र प्रत्येक गेमने असेच करावे असे मी म्हणणार नाही. ज्या गेममध्ये दार केवळ दोन खोल्यांमधला दुवा आहे, तिथे असे ओढणे दहाव्या वेळी कंटाळवाणे होते. तुमच्या गेमचे मर्म ज्या एका-दोन क्रियांमध्ये आहे त्यांना अशी सविस्तर हाताळणी द्या, आणि बाकीच्या एका बटणावर सोडा.

नियमांच्या सातत्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या कोडालाही त्याचाच उपयोग होईल. लुकिंग ग्लास स्टुडिओजच्या १९९८ च्या ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’मध्ये पाण्याचा बाण मशाल विझवतो आणि दोरीचा बाण लाकडात रुततो, मग त्याच्या लटकत्या दोरीवरून वर चढता येते. लाकडात म्हणजे ठरावीक तुळईतच नव्हे. त्यामुळे खेळाडू वर पाहून लाकूड शोधू लागतो आणि तिथूनच स्वतःच्या वाटा आखू लागतो. २०१४ मध्ये आलेल्या ‘थीफ’मध्ये दोरीचा बाण नेमून दिलेल्या जागीच लागतो, आणि तेच साधन निव्वळ त्या जागेची किल्ली होऊन बसते. वस्तू तीच, पण ती नियमाला जोडली आहे की जागेला, एवढ्यावर सगळा फरक पडतो. हेच तत्त्व २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेमच्या कर्त्यांनी त्याच वर्षीच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये तीन नियमांत मांडले होते: आग, पाणी, वीज यांसारखी तत्त्वे पदार्थांची अवस्था बदलतात, तत्त्वे एकमेकांचीही अवस्था बदलतात, पण पदार्थ पदार्थांची अवस्था बदलत नाहीत. एवढ्यावरच गवत पेटते, पेटलेल्या गवतावरून वर जाणाऱ्या हवेने खेळाडूचे पॅराग्लायडर उचलले जाते, आणि वादळात धातूची तलवार बाळगणाऱ्यावर वीज पडते.

तुमच्या कोडात याचा अर्थ असा की ‘दार’ आणि ‘खण’ अशा स्वतंत्र स्क्रिप्ट ठेवण्याऐवजी ‘ओढता येते’, ‘पेटते’, ‘कुलूप आहे’, ‘वाहून नेता येते’ असे छोटे कंपोनंट (वस्तूला जोडायचे कोडाचे सुटे भाग) लिहावेत आणि ते हव्या त्या वस्तूला जोडावेत. या सर्वांसाठी एकच इंटरफेस (सगळ्या कंपोनंटनी पाळायचा समान साचा) पुरतो, ज्यात तीन गोष्टी असाव्यात: या क्षणी ही क्रिया शक्य आहे का, पडद्यावर तिचे नाव काय दाखवायचे, आणि ती केल्यावर काय घडते. मग उद्या लाकडी खुर्ची आणली तर तिला ‘पेटते’ हा कंपोनंट जोडताच ती पेटेल, तिच्यासाठी नवी स्क्रिप्ट लागणार नाही.

आता चमकीकडे येतो. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’च्या २०२३ च्या नव्या आवृत्तीत वापरता येणाऱ्या वस्तू ओळखू याव्यात म्हणून दिलेल्या पिवळ्या रंगावरून आणि २०२४ मध्ये ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’च्या डेमोत चढता येणाऱ्या कड्यांवरच्या पिवळ्या रंगावरून बराच वाद झाला. मला त्या रंगात गैर काही दिसत नाही. दृश्ये इतकी तपशीलवार झाली आहेत की कोणत्या वस्तूला हात लावायचा हे नुसत्या आकारावरून कळणे अवघड झाले आहे, आणि अडकून पडलेल्या खेळाडूला वाट दाखवणे हे आपले कामच आहे. पण तुमचा गेम लहान आहे, तेव्हा तुम्हाला आधी सजावट कमी करता येईल. जे दार कधीच उघडणार नाही त्याला मूठच देऊ नका. जे पुढे उघडणार आहे त्याची मूठ खडखडू द्या आणि कुलपाचा आवाज ऐकवा. बटण दाबल्यावर काहीच न होणे हे सर्वांत वाईट उत्तर आहे, कारण त्यातून दार बंद आहे, शोभेचे आहे की गेमच बिघडला आहे, हे कळायला मार्ग राहत नाही. एवढे करूनही गरज वाटली तर वस्तूला कडेची रेषा द्या, पण ती ‘डेउस एक्स: ह्यूमन रिव्हॉल्यूशन’ या गेमप्रमाणे सेटिंगमधून बंद करता येऊ द्या, आणि फक्त रंगावर विसंबू नका; रंगांधळ्या खेळाडूला आकार किंवा चिन्हही दिसायला हवे.

काही वेळा वस्तू दिसते, पण पकडता येत नाही. तुम्ही कॅमेऱ्यातून एक रेकास्ट (समोर काय आहे ते तपासणारी अदृश्य सरळ रेषा) सोडत असाल तर टेबलावरच्या लहान किल्लीवर नेम धरणे खेळाडूला त्रासाचे होते. त्याऐवजी स्फिअरकास्ट (रेषेऐवजी जाड गोळा पुढे सरकवून तपासणे) वापरा, किंवा सुमारे दोन मीटरच्या आतल्या वस्तूंमधून पडद्याच्या मध्याशी सर्वांत कमी कोन करणारी वस्तू निवडा, आणि मध्ये भिंत नाही ना, हे वेगळे तपासा. किल्लीचा कोलायडर (स्पर्श ओळखणारा तिचा अदृश्य आकार) तिच्या दिसणाऱ्या आकारापेक्षा मोठा असला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. बटण दाबून धरायला लावायचे असेल तर ते परत न फिरवता येणाऱ्या कृतींपुरतेच ठेवा, आणि ज्यांना दाबून धरणे जमत नाही त्यांच्यासाठी एकदा दाबण्याचा पर्याय द्या.

पुढच्या वेळी मित्र खेळायला बसतील तेव्हा त्यांना काहीही सांगू नका. त्यांनी जे करून पाहिले आणि जमले नाही, तेवढेच लिहून घ्या. कोणी मेणबत्ती खिडकीच्या पडद्याला लावून पाहिली असेल, कोणी खुर्चीवर चढायला गेले असेल. अशा प्रत्येक नोंदीसाठी तुमच्यापुढे दोनच मार्ग आहेत: ती क्रिया गेममध्ये चालू करायची, किंवा ती वस्तू तिथून काढून टाकायची.